चष्मेवाल्या काकांचं खत

चष्मेवाल्या काकांनी जन्मभर लोकांना नीट दिसावं म्हणून भिंगं घासली, आणि दुकान मुलाच्या हवाली केल्यावर उरलेला जन्म खत चाळण्यात घालवायचा असं ठरवून टाकलं. घरामागे दोन खाटा टाकल्या तर चालायला जागा उरू नये एवढं अंगण. त्यात तीन वाफे, भिंतीलगत विटांचे दोन हौद, आणि हौदांत गल्लीभरातून गोळा केलेला पाला, भाज्यांची देठं, चहाचा चोथा. दर रविवारी काका ते फावड्याने उलथवायचे, मूठभर हातात घेऊन दाबायचे आणि हुंगायचे. नव्या सुनेने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचा घास घशातच अडकला. "अगं, घाण वास येत नाही, हीच तर परीक्षा!" असं म्हणत काका मूठ तिच्या नाकाशी न्यायला लागले.

फवारणीचं नाव त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. कोणी मावा मारायला औषधाची बाटली आणली की काका खिशातलं भिंग काढून पानावरचा लाल ठिपकेवाला किडा दाखवायचे. "हा बघा, हा मावा खातो. तुमचं औषध आधी यालाच मारणार. राखणदाराला मारून चोर पकडता होय?" समोरचा ओशाळून बाटली परत करून यायचा. "माझ्या खतात काय आहे ते मला विचारा, पानागणिक सांगतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. माणूस मोठा प्रेमळ, पण खताबद्दल उणा शब्द ऐकून घ्यायचा नाही.

गल्लीत त्यांच्या तोडीचं एकच माणूस होतं, वहिनी. त्यांच्या शाळूसोबत्याची बायको. सोबती जाऊन नऊ वर्षं झाली होती. वहिनी पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या आणि मशीनमागच्या खिडकीत टोमॅटोची रोपं वाढवायच्या. बी त्यांच्या सासूबाईंच्या हातचं. बाजारात न मिळणारा, पातळ सालीचा, चपटा टोमॅटो, कापला की आत रसच रस. दर वर्षी उत्तमातलं उत्तम फळ झाडावरच पिकू द्यायचं, बी धुवून सुकवायचं आणि मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत वर्ष लिहून ठेवायचं, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा नेम.

थंडी सरली की एका रविवारी दोघांची फेरी निघे. पुढे वर्तमानपत्राच्या द्रोणांतली रोपं घेऊन वहिनी, मागे हातगाडीवर खत घेऊन काका. घरटी सहा रोपं आणि दोन घमेली खत. बदल्यात कुणी काही द्यायचं नाही, फक्त पहिलं फळ पिकलं की हाक मारून सांगायचं.

त्या वर्षी पालापाचोळा कमी पडला. म्हणून काकांनी खेळाच्या मैदानावरचं कापलेलं गवत पोती भरभरून आणलं. काय झकास हिरवं गवत, एक तण औषधाला सापडेना! हौद तापला, गवत मुरलं, खत काळंभोर झालं. काकांनी ते चाळलं आणि फेरी निघाली. पहिली दोन घमेली नेहमीप्रमाणे वहिनींच्या अंगणात पडली.

पंधरा दिवसांत गल्लीतल्या टोमॅटोंची तऱ्हा झाली. नवी पानं वळून द्रोणासारखी झाली, शेंडे पिळवटले. सगळे काकांच्या अंगणात जमले. कोपऱ्यावरच्या घरातले बँकेतले साहेब सर्वांत मोठ्याने बोलणारे. ते म्हणाले, "स्पष्ट बोलतो, राग मानू नका. रोग बियात आहे. जुनंपुराणं बी, किती वर्षं चालणार? काका, तुम्ही बघा बरं भिंगातून."

काकांनी भिंग लावलं. पानावर कीड नव्हती, बुरशी नव्हती. पण शेजारच्या वाफ्यात घेवडा होता, आणि त्याचीही पानं तशीच वळलेली होती. घेवड्याचं बी दुकानातलं होतं. वहिनींच्या बरणीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दोन्ही वाफ्यांत सारखं होतं ते फक्त काकांचं खत. वहिनी दाराशी उभ्या होत्या आणि त्यांच्याचकडे बघत होत्या.

"असू शकतं," काका म्हणाले. "बघावं लागेल."

बस, एवढंच. पण साहेबांना तेवढं पुरलं.

सगळे गेल्यावर काकांनी दोन कुंड्या घेतल्या. एकीत नुसती माती, दुसरीत माती आणि आपलं खत. दोन्हींत घेवडा पेरला. बाराव्या दिवशी पहिल्या कुंडीत घेवडा ताठ उभा होता आणि दुसरीत गुंडाळला होता. काका तसेच मैदानावर गेले. तिथला माळी हसला. "तण नाही म्हणून तुम्ही खूश झालात, काका, पण ते आपोआप जातं होय? औषध मारतो की आम्ही. गवताला काही होत नाही, रुंद पानाचं तेवढं मरतं, आणि गवत कुजून खत झालं तरी ते औषध त्यात राहतं. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या काकांनी हा एक विचारला नव्हता.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मग आत्ताच्या आत्ता जा आणि वहिनींना सांगा."

"जातो. उद्या जातो."

उद्या वहिनींकडे पाहुणे होते. परवा गुडघा दुखत होता. तेरवा काकांनी मनाची अशी समजूत घातली, की या वर्षीची रोपं तर गेलीच, पुढल्या वर्षी चांगलं खत घालू, टोमॅटो लागतील आणि लोक विसरून जातील. उगाच कशाला बभ्रा करायचा? म्हणून ते मूग गिळून बसले. पण चोराच्या मनात चांदणं. गल्लीत कोणी "काय काका?" म्हटलं तरी हे मान खाली घालून पुढे सटकायचे.

पाचव्या दिवशी वहिनी स्वतः आल्या. त्या घरोघर जाऊन येत होत्या, आणि काकांचं घर शेवटचं ठेवलं होतं. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत.

"भाऊजी, माफ करा. तुमचे वाफे माझ्यामुळे वाया गेले. तुम्ही एवढ्या कष्टाने खत करता, आणि मी त्यात रोगट रोपं आणून लावली."

काकू आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं, की दुसरा कोणी असता तर त्याने तोंड उघडलं असतं. काकांनी उघडलंही.

"असू द्या, वहिनी," ते म्हणाले. "होतं असं एखाद्या वेळेस. मनाला लावून घेऊ नका."

वहिनींचे डोळे भरून आले. "तुम्ही समजून घेतलंत, बरं वाटलं," म्हणाल्या आणि गेल्या. काकू त्या दिवसापासून काकांशी कामापुरतं बोलू लागल्या. काकांना जेवण जाईना. हौदाकडे फिरकावंसं वाटेना. सकाळी उठताना ते ठरवायचे की आज सांगायचं, आणि दिवेलागणीला ठरवायचे की उद्या. आपल्या तोंडून "माझं खत" हे दोन शब्द निघायला एवढे जड जातील, हे त्यांना आधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

अकराव्या दिवशी दुपारी काकू वाळत घातलेले कपडे काढून आल्या आणि बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलल्या. "वहिनींनी आज काय काढलंय कोण जाणे. ओट्यावर ओळीने बरण्या धुवून पालथ्या घातल्यात."

काका उठले ते चपला न घालताच.

ओट्यावर खरंच बरण्याच बरण्या होत्या. काही बरण्यांवर चिठ्ठ्यांचा डिंक अजून चिकटलेला होता. वहिनी नखाने तो खरवडत होत्या.

"बी कुठंय, वहिनी?"

"परवाच टाकलं. उकळत्या पाण्यात घातलं आणि मग मोरीत ओतलं. तसंच कुठे फेकलं असतं, तर रोग आणखी कुणाच्या दारात गेला असता." त्यांनी वर पाहिलं. "का हो? अनवाणी आलात ते?"

काका ओट्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. गवत, माळी, दोन कुंड्या, सगळं. मध्ये एकदाही वहिनींच्या तोंडाकडे बघायचं धाडस झालं नाही.

वहिनींनी डिंक खरवडणं थांबवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे बी चांगलं होतं?"

"एकदम चांगलं होतं."

"कधी कळलं तुम्हाला?"

हा प्रश्न येणार हे काकांना ठाऊक होतं, आणि खोटं बोलायचं बळ आता उरलं नव्हतं. "आज अकरा दिवस झाले."

वहिनींनी मनातल्या मनात दिवस मोजले. मग हातातली बरणी सावकाश खाली ठेवली. "म्हणजे मी तुमच्या घरी आले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला माफ केलंत, भाऊजी."

त्या ओरडल्या असत्या, बरणी आपटली असती, तर काकांना बरं वाटलं असतं. पण त्या पदराला हात पुसून आत गेल्या, आणि जरा वेळाने मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

त्याच संध्याकाळी काका गल्लीतल्या प्रत्येक दारात गेले. आधी आपली चूक सांगायची आणि मग विचारायचं, की वहिनींच्या टोमॅटोचं थोडं बी कुणी कधी जपून ठेवलं आहे का, चार दाणे असले तरी चालतील. कुणी रागावलं नाही, आणि त्यांना तेही सोसवेना. बँकेतल्या साहेबांनी तर पाठीवर थाप मारली. "अहो जाऊ द्या काका, टोमॅटोच ते!" बियाचं विचारल्यावर त्यांनी आत हाक मारली. त्यांच्या बायकोने सगळे कप्पे उघडून पाहिले, आणि ती हात हलवत बाहेर आली.

"नाही हो काका. आम्ही कशाला ठेवतोय? वहिनी द्यायच्याच की दर वर्षी."