हळू आवाजातला फोन

अमेरिकेतल्या मिनेसोटात, जिथली माणसं मोठं दुखणंही हळूच सांगतात, आणीबाणीचे फोन घेणारी डेनिस करूसो मूळची न्यू जर्सीची. माहेरी भाजीत मीठ कमी पडलं तरी आरडाओरडा व्हायचा. त्यामुळे जो ओरडतो तोच खरा अडचणीत, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

एका दुपारी हरण धडकून गाडी चेपली म्हणून एक माणूस तिच्या कानाशी बोंबलत होता. तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर आर्डिस लुंडक्विस्ट नावाच्या म्हाताऱ्या शेतकरीणबाई आल्या.

"कामात असशील तर राहू दे गं," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला, रॉयला, जरा त्रास होतोय, एवढंच."

"थांबा हं जरा," म्हणत डेनिस त्यांना होल्डवर ठेवायचं बटण दाबणार, तोच तिला त्यांचा श्वास ऐकू आला. लांबून पळत आल्यासारखा. खूप त्रास होतोय का, असं विचारलं तर या बाई 'छे, तसं काही नाही' म्हणणार, हे तिला कळून चुकलं. तिने आवाज खाली आणला.

"आर्डिसबाई, मला काही घाई नाही. रॉय आत्ता कुठे आहेत?"

"ट्रॅक्टरखाली. उलटलाय ना तो. आता बोलत नाहीये रॉय."

डेनिसने लगेच अँब्युलन्स धाडली. मदत पोचेपर्यंत ती तशाच हळू आवाजात एकेक साधा प्रश्न विचारत राहिली. रॉय वाचला, पाय मात्र गेला.

ओरडणाऱ्यांचं तिला आता काही वाटत नाही. पण 'तुम्हाला उगाच त्रास' असं कुणी हळूच म्हटलं, की तिची छाती धडधडायला लागते.