लोण माझं, नाव धर्माचं

भरती साधून कोपरीच्या बंदरातून आमचा पडाव निघाला. माझ्या अंगाची हळदसुद्धा उतरली नव्हती. सगळ्या बाया रडत होत्या. मी नाही रडले. धाकटा भाऊ धर्मा मिठागराच्या बांधावरून पडावाच्या बरोबरीनं पळत होता, आणि मी त्याच्या पायांकडे बघत होते. बांध फुटलेला तिथं त्यानं डावा खांदा पुढं टाकला नि उजवीकडून उडी घेतली. अगं बाई, ती माझी उडी! मीच शिकवलेली. आता मेला तो पळणार आणि मी कल्याणात भाकऱ्या थापणार. 

माहेर सोडून आलेल्या बायांनो, तुम्हाला आट्यापाट्या सांगायला नकोत. पाट्या अडवणाऱ्यांना चुकवत पार जायचं, पलीकडून चिमूटभर लोण उचलायचं नि परत यायचं. आम्ही मिठागरातली माणसं, आमचं लोण म्हणजे खरं मीठ. लहानपणी बांधावर धर्माला मी कधी पुढं जाऊ दिलं नाही. मग मी जरा मोठी झाले आणि बा म्हणायला लागला, "हिरे, पाय आवर." उठता बसता तेच. धर्माला मात्र दुधाचा पेला.

कल्याणात नवरा इंजिनात कोळसा भरायचा. रेल्वेच्या लाईनीतली खोली, भोंग्यावर उठायचं, धुणं वाळत घातलं की धुरानं काळं. त्यात टेशनावर धर्माची वार्ता रोज नवी. अमुक गावात कुणाच्या हाती लागला नाही, तमक्या गावानं फेटा बांधला. नवरा कौतुकानं सांगायचा, मी चूल फुंकत बसायची. जळत होते हो, सरळ सांगते.

एका शिमग्याला तो कल्याणातच खेळला. एका डावात सात लोणं. एवढी कुणीच आणली नव्हती. लोकांनी खांद्यावर घेतला, विचारलं, "कुनी शिकवलं रं तुला?" मी बायांत उभी होते, पदर दातात धरून. एकदा माझं नाव घे रं. तो म्हणाला, "बानं." जो बा जन्मात बांधावर पळला नाही, त्यानं!

पुढं त्याचा गुडघा गेला. मिठाची पाटी उचलवेना, तसा आमच्याकडे आला. नवऱ्यानं साहेबाला सांगून फाटकावर लावून दिला. तेव्हाही लोक त्याला बघायला यायचे. माझी जळजळ काही गेली नाही.

एकदा माझी लेक चंद्री लाईनीतल्या पोरांत पळत होती. वाट अडवलेल्या पोराला तिनं डावा खांदा दाखवला नि उजवीकडून निसटली. धर्मा ओट्यावरून ओरडला, "चंद्रे, पाय आवर!" अगदी बाचा आवाज.

माझ्या हातातली परात खाली आपटली. म्हटलं, "या घरात हा शब्द पुन्हा नाय काढायचा. पळू दे तिला."

त्यानं चंद्रीकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. हळूच म्हणाला, "बाय, त्या शिमग्याला मला तुझं नाव घ्यायची लाज वाटली."

मी त्याला भाकरी वाढली. कोपरीला राहिलेल्यांनो, माहेर तुमच्याकडंच आहे, ठेवा जपून. माझं घर इथं, या काळ्या धुण्याच्या लाईनीत. इथं चंद्री अंधार पडेपर्यंत पळते.