मागे सरणारा फोटोग्राफर

कॅमेरा घेण्याआधी मी उन्हाळाभर लेन्सचे व्हिडिओ पाहिले आणि शेवटी दुधी भोपळ्याएवढी लेन्स घेतली. तलावापलीकडचा बगळा अंगणात आल्यासारखा दिसतो, एवढ्यावर भाळलो.

लाखनीजवळच्या तलावाच्या पाळीवर पहिल्याच सकाळी एक म्हातारा भेटला. खांद्यावर ओलं जाळं, दात दोन-चारच, पण हसू भरपूर.

"माहा एक फोटो काढा जी."

डोळा लावून बटण दाबलं, तर नुसती धुरकट मिशी. या लेन्सला जवळचं दिसतच नाही. खिशात मोबाइल होता, पण एवढी लेन्स गळ्यात असताना तो काढायची लाज वाटली. मी मागे सरलो. तो पुढे आला. "तिथंच थांबा," म्हटलं, तर "हो जी" म्हणत आणखी पुढे. शेवटी मी पाळीवरून घसरलो आणि धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात रुतलो.

त्यानं हात देऊन मला वर ओढलं.

"मांगं मांगं काहून जाऊन राहिले जी? मानूस बोलाले आला का जवळच येते ना!"

बगळ्याचं पीसन् पीस माझ्याकडे आहे. त्या म्हाताऱ्याची मात्र तेवढी मिशीच. दूरचं किती जवळ येतं, हे मी दुकानदाराला दहादा विचारलं होतं. जवळ आलेल्या माणसाचं काय करायचं, हे विचारायचं सुचलंच नाही.