जावाचं चूलबंद आवतन

बीडमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते तेव्हाची गोष्ट. माझा जावाचा कोर्स नुकताच संपला होता, आणि आमच्या सरांनी मला नव्या बॅचला एक धडा शिकवून दाखवायला सांगितलं होतं. पोरांना समजलं तर बॅच माझी, नाही तर मी घरी. आणि घरी तर येत्या रविवारी मला बघायला पाहुणे यायचे होते. लग्नाचं मला वावडं नव्हतं, पण ती बॅच मला मनापासून हवी होती.

धडा दिला तो पॅकेजचा, म्हणजे प्रोग्राम गटागटाने ठेवायच्या कप्प्यांचा. सरांनी मुद्दामच दिला असणार. मी ‘दुकान’ नावाचं पॅकेज केलं, त्याच नावाच्या फोल्डरात. त्याच्या आत ‘किराणा’ नावाचं दुसरं पॅकेज, आणि त्यात ‘साखर’ नावाचा छोटा प्रोग्राम. मग पोरांना म्हटलं, आता दुसऱ्या प्रोग्राममध्ये ही साखर वापरून दाखवा. झाडून सगळ्यांनी वर लिहिलं, इम्पोर्ट दुकान डॉट स्टार. आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकच एरर: साखर सापडत नाही.

चकलांब्याहून एसटीने येणारा एक पोरगा तर भांडायलाच उठला. “मॅडम, आख्खं दुकान बोलावलं म्हंजी आतली साखर आलीच की. परत कावून सांगायचं?”

पुस्तकात होतं ते मी घोकून सांगितलं. कुणाच्या डोक्यात काही शिरेना. मागे बसलेले सर घड्याळ बघायला लागले, तसं माझं डोकं तापलं.

“तुमच्या गावात चूलबंद आवतन देतात ना?” मी त्याच्यावर खेकसलेच.

“देतात की. घरातल्या समद्यांनी जेवायला जायचं, चूल पेटवायची न्हाई.”

“थोरल्या भावाला दिलं, आणि धाकटा त्याच अंगणात वेगळा निघालेला असला तर?”

“त्याला येगळं द्यावं लागतंय, मॅडम. न्हाई तर लई रुसतो.”

“मग! दुकानाला दिलेलं आवतन दुकानाच्या चुलीपुरतं. किराणा त्याच्या आत राहतो, पण त्याची चूल वेगळी. त्याला वेगळं आवतन द्या.”

पोरगा हसत खाली बसला. इम्पोर्ट दुकान डॉट किराणा डॉट स्टार, आणि साखर मुकाट्याने हजर झाली. जाताना सर एवढंच म्हणाले, “सोमवारपासून या.”

मी तडक वडिलांच्या दुकानात गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वडील गिऱ्हाईकाची डाळ तोलत होते. तराजूचा काटा जरासाही कलू न देणारा हा माणूस, खोटं बोलणाऱ्याला दुकानाची पायरी चढू द्यायचा नाही. डाळ बांधून दिल्यावर ते समोरच्या एसटीडी बूथवर गेले. मला वाटलं, पाहुण्यांना ‘या’ म्हणून सांगणार, संपलं. मीही मागोमाग गेले.

“पाहुणे, या रविवारी येऊ नका,” ते फोनवर म्हणाले. “पोरगी मास्तरीण झालीय. रविवारी तिचा क्लास आसतोय.”

रविवारी क्लासला कुलूप असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.