पडद्यावरचा गाल

राग माझ्या नाकावरच असतो आणि त्याची मला लाज नाही. मी मूळची अकोल्याची. अमरावतीच्या एका दंत महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवते, म्हणजे रोगाने शरीराच्या पेशींची काय वाट लावली ते सूक्ष्मदर्शकातून ओळखायला शिकवते. पूर्वी एकेका सूक्ष्मदर्शकामागे पोरं रांग लावायची, डोळा टेकवायची आणि ‘दिसलं मॅडम’ म्हणून पुढे सरकायची. काय दिसलं ते देव जाणे. मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला, भिंतीवर टीव्हीसारखा भलामोठा काचेचा पडदा आला आणि एकाला दिसतं ते साऱ्यांना दिसू लागलं. थापाड्यांचं धाबं दणाणलं. मला तर चेवच चढला.

सुरुवातीला एक गमतीचं प्रात्यक्षिक असतं. प्रत्येकाने लाकडी पट्टीने आपल्याच गालाची आतली बाजू खरवडायची, ते काचेवर पसरायचं आणि रंग द्यायचा. बाईच्या पेशीत केंद्रकाच्या कडेला एक काळा ठिपका चिकटलेला सापडतो, पुरुषाच्या पेशीत तो नसतो. काचेवर फक्त हजेरीचा नंबर. मी कुठलीही काच पडद्यावर लावायची आणि वर्गाने ओरडून सांगायचं, पोट्टा की पोट्टी. एरवी पेंगणारी बॅच त्या तासाला टक्क जागी असते.

त्या दिवशी ठिपका ठसठशीत होता. ‘पोट्टी!’ वर्ग ओरडला. मी नंबर वाचला, आणि मागच्या बाकावरून कबड्डी खेळणारा, मोर्शीचा आडदांड पोरगा उभा राहिला. हशा पिकला. पुढचा एक जण टेबल बडवत म्हणाला, ‘अबे, बांगड्या भर आता!’

मोर्शीच्या पोराने चार ढांगांत त्याला गाठलं आणि कॉलर धरून ठोसा हाणला. नाकातून धार लागली, पांढरा ॲप्रन लाल झाला. सोडवायला धावलेल्या एकाचं डोकं त्याने टेबलाच्या कडेवर आपटलं. मग लोखंडी स्टूल उचलून पडद्यावर फेकलं. काचा वर्गभर उडाल्या, मुली किंचाळत बाकांखाली शिरल्या. तो दुसरं स्टूल उचलत होता. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी काचा तुडवत गेले आणि त्याच्या सणसणीत थोबाडीत ठेवून दिली.

गाल हाताला लागला तो वाळल्या चामड्यासारखा. त्या वयाच्या पोराचा गाल असा लागत नाही. माझा राग जागीच थिजला.

‘तोंड उघड,’ मी म्हणाले.

तो दात आवळून बघत राहिला. तेवढ्यात एक मुलगी रडत बाकाखालून बाहेर आली. ‘मॅडम, त्याच्या तोंडात पट्टी जातच नाई. कोणाले सांगू नको म्हणे. म्याच देल्ली त्याले मायी काच.’

खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला, आमच्या वऱ्हाडात कुठल्याही पानठेल्यावर मिळणारा. सुपारीने गाल आतून आखडतो, तोंड मिटत जातं आणि काहींना पुढे कॅन्सर होतो. दातांचा डॉक्टर व्हायला निघालेल्या पोराला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर लपवत होता. कॅन्सर आधीच झालाय की काय, हे गालाचा तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि तो तुकडा देईना. माझ्या खोलीच्या दारावर लाथ मारून निघून गेला. मी होस्टेलवर जाऊन त्याला दंडाला धरून आणलं आणि तुकडा काढायला लावला.

निकाल आला त्याच दिवशी मारामारीच्या चौकशीसाठी त्याच्या वडिलांना बोलावलेलं होतं. त्यांचा मोर्शीला पानठेला होता आणि पोराचं सारं शिक्षण त्याच ठेल्यावर चाललं होतं. मी त्या तुकड्याचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो लॅपटॉपवर लावला. मऊ थर उरलाच नव्हता, नुसता दोरखंडासारखा पीळ. एका कोपऱ्यात पेशी बिथरलेल्या.

‘अजून कॅन्सर नाही,’ मी म्हणाले, ‘पण वाट तिकडचीच आहे.’

‘कायच्यानं झालं?’ वडिलांनी विचारलं.

‘खर्र्यानं.’

त्यांनी पायातली चप्पल काढली. ‘ठेल्यावर तुले विकाले बसोलं होतं! खायाले बसोलं होतं का बे? काहून खाल्ला?’ चप्पल पाठीवर, तोंडावर, पुन्हा तोंडावर. पोराचा ओठ फुटला. मी मध्ये पडले तर एक फटका माझ्या खांद्यावर बसला. मला त्या माणसाची कीव आली नाही, संतापच आला.

इतका वेळ मुकाट मार खाणाऱ्या पोराने मग हवेतच बापाचं मनगट पकडलं. चप्पल खाली पडली. निरोगी माणसाने तोंड उघडलं की त्यात तीन बोटं एकावर एक मावतात, आमची तपासणीची ही पहिली रीत. पोराने जमेल तेवढं तोंड उघडलं.

‘मोजा, बाबा,’ तो म्हणाला. ‘किती जाते ते मोजा.’

खर्रा घोटून घोटून पिवळी पडलेली ती बोटं त्याने फुटक्या ओठांमधून आत दाबली. एक गेलं. दुसरं दातांवर अडलं. बाप हात ओढून घ्यायला धडपडत होता आणि पोरगा काही केल्या सोडत नव्हता.