पहिला बर्फ पडेपर्यंत

अहो, अशा लांबून काय वाचताय, जरा जवळ या. हातातलं काम ठेवा बाजूला, दोन घटका काही बिघडत नाही. आणि आधीच सांगून ठेवते, 'वय काय होतं हो त्यांचं?' असं मला विचारू नका. माणूस गेला की सगळे पहिलं तेच विचारतात, जसं काही आकडा ऐकला की मनाची समजूतच पटते! माझा भाऊ सदा गेला. माझ्या पाठचा होता. म्हणजे माझ्यानंतर जायचा होता, एवढं पुरे.

त्या दिवशी सकाळी इथे टोकियोशेजारी ग्योतोकुच्या घरात मी नातीच्या डब्यासाठी थालीपीठ थापत होते. फोन वृंदाचा, म्हणजे सदाच्या बायकोचा. म्हणाली, "ताई, तुम्ही बसलाय ना?" मी म्हटलं, "उभी आहे, तव्यावर थालीपीठ आहे." तर म्हणे, "बसा हो..." अजूनही वाटतं, बसलेच नसते तर ती पुढचं बोललीच नसती.

आदल्या संध्याकाळी सदा माझ्याशी चांगला बोलला होता. थोडा खोकत होता, एवढंच.

आम्ही सांगलीजवळच्या हरिपूरचे. आमच्याकडे हळद जमिनीखाली पेवात ठेवत. विहिरीसारखा खोल खड्डा, पण वर तोंड एवढंसं, माणूस कसाबसा उतरेल इतकं. आत हवा कोंडून विषारी होते. म्हणून पेव उघडलं की आधी ते तसंच ठेवायचं आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. आमचे वडील पेवांवर देखरेख करत. ते म्हणायचे, "दिवा जिथं जगतो, तिथं माणूस जगतो." कंदिलाची दोरी धरायचा मान सदाचा. तोंड उघडं टाकून खाली बघत बसायचा. मी ओरडायची, "मागं सर मेल्या, पडशील!" तर म्हणायचा, "थांब गं, दिवा काय म्हणतोय ते बघतोय."

तोच सदा पुढे मुंबईच्या बँकेत लागला, बँकेने टोकियोला धाडला आणि इथे सगळ्यांचा 'सदा-सान', म्हणजे सदाराव, झाला. इथेच आमच्या स्टेशनाजवळ राहायचा. सकाळी कोट घालून गाडीत कोंबून घ्यायचा, रात्री चुरगळून परत. लेक ईरा इथेच वाढलेली, आपण मराठीत विचारावं आणि तिने जपानीत उत्तर द्यावं. सगळं छान चाललं होतं. मग तो मार्चचा भूकंप झाला. त्यानंतर सदा काही मंडळींबरोबर उत्तरेला सेंदाईकडे पांघरुणं आणि तांदूळ वाटायला गेला आणि डोंगरातल्या एका गावात त्याने ते पाहिलं. सासाकी नावाचे एक म्हातारे गवळी रोज दूध काढत होते आणि रोज शेतात ओतत होते. भूकंपात फुटलेल्या अणुभट्टीच्या भीतीने दूध कोणी घेईना, पण गाईला ते कसं सांगायचं? तिला पिळावंच लागतं. सदा परत आला तो थेट माझ्याकडे. म्हणाला, "ताई, दुधाचा ओहोळ वाहत होता आणि म्हातारा त्याच्याकडे पाठ करून उभा होता."

त्या माणसाला तो विसरला नाही. दर वर्षी भेटायला जायचा. सहा-सात वर्षांनी सासाकी-सान थकले, मुलं शहरात, गोठा बंद करायची वेळ आली. सदाने तो विकत घ्यायचं ठरवलं! वृंदा मला म्हणाली, "बघा तुमचा भाऊ. शेणच काढायचं होतं तर हरिपूर काय वाईट होतं?" सदा म्हणाला, "तिथं तू काढू दिलं नसतंस. इथं तुला फॉरेन वाटेल." हसली बिचारी, पण सामान बांधताना एकच पेटी तीनदा सोडून बांधली, मी बघितलंय.

बाहेरच्याला शेत घेणं इतकं सोपं नसतं. गावच्या शेती समितीपुढे उभं राहावं लागलं. पाच-सहा म्हातारे ओळीने बसलेले, आणि बापाचं म्हणणं समजावून सांगायला ईरा. एकाने विचारलं, "थंडी आली की पळून जाल ना?" सदा म्हणाला, "मी ऐन उन्हाळ्यात कोट-टाय घालून नोकरी केलीय, मला थंडीची भीती नका दाखवू." म्हातारे हसले. पण त्यातला एक न हसता म्हणाला, "पहिला हिवाळा काढा. मग तुम्ही आमचे." झालं! ते सदाच्या डोक्यात बसलं. पहिल्या हिवाळ्यात गाईंना वैरण पुरली पाहिजे, गोठा उभा राहिला पाहिजे. नाहीतर बँक सोडली ती वाया आणि गावाचा शब्द खरा.

मी महिनाभर तिथे राहून आले. काय ती धांदल! गव्हाणी नव्या केल्या, दूध काढायचं यंत्र आलं, दूध गार ठेवायची टाकी आली. टाकी दारातून आत जाईना, म्हणून दाराची चौकट काढली. सदा मळक्या गमबुटात इकडून तिकडे धावतोय, एवढा आनंदात मी त्याला लग्नातसुद्धा बघितला नव्हता. मी तिकडे जायच्या आधी पहिली गाय व्याली, तेव्हा चिकाचा खरवस करून थेट ग्योतोकुला घेऊन आला. वेलदोडा घातलेला. आमच्या इमारतीतल्या मराठी बायकांनी भांडं खरवडून खाल्लं.

पण त्या जागेत एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. गोठ्यामागे विटांचा उंच, गोल मनोरा आहे. शंभरएक वर्षांमागे सासाकींच्या आजोबांनी पहिल्या गाई इथे आणल्या, तेव्हा बांधलेला. त्यात हिरवा मका चिरून, दाबून भरतात, त्याचा मुरघास होतो आणि गाई तो हिवाळाभर खातात. भूकंपात मनोऱ्याला भेगा गेल्या होत्या, त्याला लोखंडी पट्टे आवळले. सगळे सांगत होते, पाडून टाका, आता कोणी असं करत नाही. सदा ऐकेना. माझा हात धरून वर दाखवत म्हणाला, "ताई, हे आपलं पेवच आहे बघ. फक्त आभाळाकडे तोंड केलेलं." आतून आलेला तो आंबूस गारवा अंगावर आला आणि मी पदर ओढून घेतला.

मका भरून झाला तसे सासाकी-सान काठी टेकत आले. मनोऱ्याच्या शिडीवर गवताची जाड दोरी बांधली, तिला पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लावल्या. इथल्या देवळांवर असते तशी. म्हणाले, पहिला बर्फ पडेपर्यंत आत कोणी जायचं नाही. ईराने विचारलं, का? तर म्हणाले, "आमच्याकडे असंच आहे." सदाने दोरीला हात जोडले. मला म्हणाला, "प्रत्येक घराचं काहीतरी सोवळं असतं, ताई."

मी परत आले आणि आठवड्याच्या आतच तिकडे वादळ आलं. मनोऱ्याच्या छपराचा पत्रा उडाला, पाऊस सरळ मुरघासावर. भिजलेला मुरघास सडतो, आणि तो सडला तर हिवाळा गेला. सकाळी वारा पडला तेव्हा मनोऱ्याच्या पायाशी चार चिमण्या मरून पडलेल्या वृंदाला दिसल्या. तिला वाटलं, वादळात सापडल्या असतील. कोणालाही तसंच वाटलं असतं...

त्या संध्याकाळी सदाचा फोन आला. "ताई, जमलं गं! वरून प्लास्टिक घट्ट अंथरलं, वैरण वाचली." मी म्हटलं, "आणि दोरी?" म्हणाला, "सोडली. नमस्कार करून, गुंडाळून खिळ्याला लावली. देव समजून घेईल." मी विचारलं, "उतरण्याआधी दिवा सोडला होतास ना रे?" "मग! बाबांचा मुलगा आहे मी. कंदील छान जळत होता, ताई, हलतसुद्धा नव्हता. फक्त आत जरा पिवळट धूळ होती, आणि मोरीत टाकायच्या पावडरीसारखा वास." खोकला. मागून वृंदाचा आवाज आला, "अहो, डॉक्टरकडे चला म्हणते ना मी!" आणि हा, "आधी धार काढू दे गं." मग मला म्हणाला, "ठेवतो." कंदील जळत होता म्हणाला, म्हणून मी निर्धास्त जेवले.

पहाटे श्वास लागला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. डॉक्टरांनी ईराला समजावलं, तिने मला. ताज्या मुरघासातून पहिले काही दिवस एक वायू निघतो. तो फुप्फुसं आतून जाळतो, कधी कधी तासांनी कळतं. आणि त्याने दिवा विझत नाही. पेवातली हवा वेगळी, ही वेगळी. आमच्या वडिलांचं वाक्य हरिपुरात खरं होतं हो. इथे नव्हतं.

सासाकी-सान आले ते दारातच जमिनीला कपाळ टेकून बसले, उठेचनात. त्यांच्या आजोबांचा धाकटा भाऊ त्याच मनोऱ्यात गेला होता, पहिल्याच वर्षी. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे. फक्त दोरी बांधायची, एवढंच पुढच्या पिढीला सांगितलेलं. मी त्यांना हात धरून उठवलं. त्यांचं गप्प राहणं आणि आमच्या बाबांचं बोलणं, दोन्ही एकाच जागी येऊन पडलं.

वृंदा म्हणते, गाई विकणार नाही. धार आता ती काढते, ईरा सुट्टीला येऊन मदत करते. समितीतला तो न हसणारा म्हातारा रोज सकाळी गुपचूप शेण ओढून जातो. आणि सदाने वाचवलेला मुरघास आत तसाच आहे, दबलेला, मुरत असलेला. सदाचा कंदील वृंदाने गोठ्याच्या दाराला टांगलाय, दिवेलागणीला लावते. खाली मात्र तो आता कशातच सोडायचा नाही. दोरी सासाकी-सानांनी पुन्हा बांधली. या खेपेला कागदाच्या पट्ट्यांशेजारी ईराने आत का जायचं नाही ते सांगणारी एक पाटीही लावलीय, जपानीत आणि खाली मराठीत. तिचं मराठी अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं.

मी वसुबारसेला तिकडेच असेन. तुम्हीही या, फार दिवस लावू नका, वृंदाला माणसांची गरज आहे. सेंदाईहून बस मिळते, खरवसाचं मी बघते. गोठ्यात या, घरात या, कुठेही या. फक्त कोणी दिसलं नाही तर मनोऱ्याकडे शोधायला जाऊ नका. कंदिलापाशी उभं राहून बाहेरूनच हाक मारा, मी येते.