टोपातला गिटारवाला

गिटारवाल्याने मूळ वादकाचं नाव घेतलं आणि कानाच्या पाळीला हात लावला, आपले गवई गुरूचं नाव घेताना लावतात तसा. जुन्या परदेशी रॉक बँडची गाणी हुबेहूब वाजवणारा, लांब केसांचा टोप घातलेला आपलाच कुणी मुलगा. मग त्याने असं काही वाजवलं की दोन नातवंडांची आजी मी, भर सभागृहात "वा!" ओरडले.

"ताई, डबे बडवतायत ते," शेजारून माझा धाकटा भाऊ म्हणाला.

वाक्य माझंच. विशीत मला जेमतेम दीड राग येत होता. तेवढ्या तोऱ्यावर मी त्याची गिटार बंद पाडली होती.

"तू वाजवायचास ते हेच का रे?"

"हेच. वाईट वाजवायचो, पण हेच."

एवढं अफाट काही पलीकडच्या खोलीत होतं, आणि मी दार लावून तंबोरा जुळवत बसले होते!